‘उगाच डोक्यावर घेतलेली पुस्तकं’ : वाचनालयातल्या प्रकल्पाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४
गुरुवारी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्यामुळे आजची कार्यकारिणीची बैठक पेढ्यांनी सुरू झाली. २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाला काय करायचं, यावर नेहमीच्याच सूचना आल्या. ग्रंथदिंडी, हस्ताक्षर स्पर्धा, ‘माझे आवडते पुस्तक’ हा निबंध. मराठीचे निवृत्त सर म्हणाले, निबंध तपासून मी कंटाळलोय, दरवर्षी तीच तीन पुस्तकं आणि तीच वाक्यं. त्यावर मागच्या बाकावरून इंजिनिअरिंगला असलेला आमचा सभासद म्हणाला, मग ‘न आवडलेलं गाजलेलं पुस्तक’ ठेवा की. सगळे हसले. अध्यक्ष हसले नाहीत, पण त्यांनी नाहीही म्हटलं नाही. इतिवृत्त मी लिहीत होतो, म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं.

ठरलं ते असं: लोकांना ‘ओव्हररेटेड’ वाटणारी मोजकी मराठी पुस्तकं निवडायची, गटानं ती पुन्हा वाचायची, आणि आक्षेप व त्यावरचं म्हणणं एका पानात लिहून ते पान घडी घालून त्याच पुस्तकात ठेवायचं. पुस्तक नेणाऱ्याला ते आपोआप मिळेल. भाषण नाही, हारतुरे नाहीत.

२० ऑक्टोबर
देवघेवीच्या टेबलावर पुठ्ठ्याचा डबा ठेवला होता, तो आज उघडला. ग्रंथपालताईंनी चिठ्ठ्या वाचल्या. सगळ्यात जास्त नावं ‘मृत्युंजय’, ‘ययाति’, ‘कोसला’ आणि ‘श्यामची आई’ यांची. ‘अल्केमिस्ट’ पण आलं, ते मराठी नसलं तरी आमच्याकडे त्याचा मराठी अनुवाद सतत बाहेर असतो. वपुंचं नाव आलं, पण सोबत पुस्तक कुठलं ते नाही. बहुतेकांनी वपु व्हॉट्सॲपवरच वाचलेले दिसतात, आणि तिथे फिरणारी सगळी वाक्यं खरंच त्यांची असतील यावर माझा विश्वास नाही. वपु यादीतून बाहेर.

चिठ्ठ्यांमधली भाषा बघण्यासारखी आहे. ‘बोअर.’ ‘रडकं.’ ‘काय एवढं?’ एकानं लिहिलंय, ‘सगळ्यांना आवडतं म्हणून मला आवडत नाही.’ हा प्रामाणिक आहे, पण याच्या चिठ्ठीचं करायचं काय? म्हणून सरांनी एक नियम घातला: पान दाखवा. आक्षेप घेणाऱ्यानं पुस्तक उघडून अमुक पानावर मला हे खटकलं असं सांगायचं. स्तुती करणाऱ्यालाही तोच नियम. हा नियम लागल्यावर निम्म्या चिठ्ठ्या तिथेच बाद झाल्या, आणि स्तुतीची वाक्यं तर त्याहून जास्त.

मध्येच कुणीतरी ‘व्यक्ती आणि वल्ली’ची चिठ्ठी वाचली. आक्षेप असा, की पुस्तकात बाईच्या नावाचं एकही प्रकरण नाही. बँकेतून निवृत्त झालेले काका ताडकन उठले, पु. लं.ना हात लावायचा नाही म्हणाले आणि चहा न घेता गेले. मी अनुक्रमणिका पाहिली. नारायण, हरितात्या, गटणे, नंदा प्रधान, नाथा कामत, अंतू बर्वा, चितळे मास्तर. बायका आहेत त्या कुणाच्या तरी घरात आहेत. आक्षेप पानावर दाखवता येतो, म्हणजे नियमात बसतो. तरी सध्या पुढे ढकललं, कारण वर्गणी गोळा करायला काकाच लागतात.

२४ नोव्हेंबर
निवडणुकीत आमचा हॉल मतदान केंद्राला गेला होता, त्यामुळे मधल्या बैठका बुडाल्या. आज ‘मृत्युंजय’.

आधी कौतुक करायचं ते करून टाकतो. पुस्तक १९६७ चं. लेखक शिवाजी सावंत मूळचे आजऱ्याचे, तेव्हा कोल्हापुरात शिक्षक, वय सत्तावीस. या वयात एवढा पसारा हाती घेणं, तोही कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण अशा सहा जणांच्या तोंडून सांगणं, याला छाती लागते. आमच्या वाचनालयात कधीच पुस्तक न नेणारी माणसंही हे एक पुस्तक नेतात. त्यांना वाचनाची गोडी यानं लावली, हे नाकारण्यात अर्थ नाही.

पण सहा जण बोलतात म्हणजे सहा आवाज ऐकू येतात का? सरांनी यावर एक परीक्षा काढली. वेगवेगळ्या भागांतले परिच्छेद त्यांनी निवडले, नावं आणि ओळख पटेल असे उल्लेख गाळले आणि मोठ्यानं वाचले. बोलणारा कोण ते आम्ही सांगायचं. पहिल्याला आमच्या गटातल्या आजी म्हणाल्या कर्ण, निघाला दुर्योधन. दुसऱ्याला मी वृषाली म्हणालो, सरांनी मान हलवली. तिसऱ्यापासून सगळे अंदाजपंचे. राजा असो, सारथ्याचा मुलगा असो की सून असो, प्रत्येकाच्या मनात आलेल्या गोष्टीला लगेच एक उपमा फुटते, तिला दुसरी, आणि सूर्य तर पानोपानी. सहा आरसे लावलेत, पण समोर उभा एकच माणूस, असं सर म्हणाले. हा आक्षेप टिकला, पानावर लिहिला.

दुसरा आक्षेप इंजिनिअरिंगच्या मुलाचा. म्हणे यात कर्ण फारच चांगला दाखवलाय. इथे मात्र गंमत झाली. द्रौपदीनं ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असं म्हणून स्वयंवरात कर्णाला उठवलं, आणि तो अपमान त्याला जन्मभर सलला, असं आपण सगळेच धरून चालतो. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे जुनी हस्तलिखितं एकमेकांशी ताडून ठरवलेला पाठ, १९६६ साली पूर्ण झाली. त्या आवृत्तीच्या मुख्य संहितेत हा नकारच नाही, नंतरची भर म्हणून तो तळटीपेत गेला आहे. उलट द्यूतसभेत कर्णानं द्रौपदीला जे अभद्र म्हटलं, ते मुख्य संहितेत शाबूत आहे. म्हणजे नकाराचा पुरावा पातळ आणि शिवीचा ठोस.

याचा अर्थ सावंतांनी खोटं लिहिलं असा होत नाही. कादंबरीकाराला परंपरेतलं काहीही उचलायची मुभा आहे, आणि ती कथा शतकानुशतकं लोकांच्या तोंडी होतीच. अडचण आहे ती आमच्या डब्यातल्या स्तुतीच्या चिठ्ठ्यांत. तिथे ‘संशोधनपूर्ण’, ‘खरा कर्ण इथेच कळतो’, असे शब्द आहेत. खरा कर्ण हवा असेल तर त्याच १९६७ साली आलेलं इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ आमच्या कपाटात आहे, दुर्गाबाई भागवतांचं ‘व्यासपर्व’ (१९६२) आहे. दोन्ही मिळूनही ‘मृत्युंजय’एवढी जाड होणार नाहीत. देवघेव रजिस्टरात त्यांच्या नावापुढे तारखा शोधाव्या लागतात.

माझं मत: गोष्ट सांगण्याबद्दल या पुस्तकाचं झालेलं कौतुक रास्त आहे. ज्ञानाबद्दलचं कौतुक मात्र फुगवलेलं आहे, आणि ते वाचकांनी फुगवलेलं आहे.

२५ नोव्हेंबर
कालच्या पानाचा कच्चा मसुदा अध्यक्षांना दाखवला. ‘फुगवलेलं’ शब्द काढा म्हणाले. ‘अधिकचं’ केला. वाचताना कुणाला ‘अधिकचं’ म्हणजे ‘जादा चांगलं’ असं वाटू नये म्हणजे झालं.

१५ डिसेंबर
‘ययाति’. गटात याबद्दल एकमत होईल असं वाटलं नव्हतं, पण जवळपास झालं.

१९५९ चं पुस्तक, १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार आणि १९७४ चं ज्ञानपीठ. मराठीतलं पहिलं ज्ञानपीठ, त्यामुळे आदर वारशानंच मिळतो. ग्रंथपालताईंनी आमच्याकडची सगळ्यात जुनी प्रत काढली. दोनदा बांधणी झालेली, कोपरे कुरतडलेले, पान उलटताना जपावं लागतं. या प्रतीतच उत्तर मिळालं. पुस्तकभर रेघा आहेत. शिसपेन्सिलीच्या, निळ्या शाईच्या, कुणाच्या हिरव्या बॉलपेनच्या. समासात ‘किती खरे!’, ‘भाषणासाठी’, एका ठिकाणी ‘तिला लिहिणे’. आणि रेघा मारल्यात त्या फक्त सुविचारांना. सुख म्हणजे काय, प्रेम म्हणजे काय, वासना म्हणजे काय. देवयानी आणि शर्मिष्ठेचं वस्त्रांवरून भांडण होतं ती पानं कोरी. बापानं मुलाकडे तारुण्य मागावं इतकी भयंकर गोष्ट घडते, तिथेही समास रिकामाच.

म्हणजे तीन पिढ्यांनी हे पुस्तक कादंबरी म्हणून वाचलेलंच नाही, वेचे काढायला वाचलंय. सखाराम गटणेसारखे वाचक आपल्याकडे पु. लं.च्या आधीपासून आहेत आणि नंतरही. (काका आज आले होते. हे वाक्य मी त्यांच्यासमोर मुद्दाम बोललो, ते हसले.) दोष वाचकांचाच म्हणावा, तर खांडेकरांनीही त्यांना भरपूर माल पुरवला आहे. प्रसंग रंगात आला की पात्र थांबतं आणि जीवनावर बोलतं. खांडेकरांची इतर पुस्तकं वाचलेल्यांना ही सवय ओळखीची आहे. शिरोड्याच्या शाळेत अठरा वर्षं शिकवलेला मास्तर कादंबरीतही फळा सोडत नाही.

आजींचा आक्षेप वेगळा आणि जास्त टोकदार होता. त्यांना ‘विद्याहरण’ नाटकाची पदं पाठ आहेत, त्यामुळे कच-देवयानी त्यांच्या घरचीच. त्या म्हणाल्या, देवयानीचं नेमकं काय चुकलं ते मला पानावर दाखवा. नवरा आपल्याच महालातल्या दासीशी संसार मांडतो, तिला मुलं होतात, हे कळल्यावर बायको चिडली तर ती गर्विष्ठ आणि अहंकारी. सोसणारी शर्मिष्ठा मात्र थोर. ‘आमच्या काळी हे पुस्तक लग्नात आहेर म्हणून द्यायचे. कुणाला काय शिकवायला द्यायचे ते आता कळतंय,’ असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं.

मी एकच भर घातली. कादंबरीत ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा बोलतात. ज्याचं तारुण्य गेलं त्या पूरूला स्वतःचा भाग नाही. दोनच वर्षांनी, १९६१ मध्ये, गिरीश कार्नाडांनी याच कथेवर कन्नडमध्ये नाटक लिहिलं. त्यात पूरूला चित्रलेखा नावाची बायको दिली आणि एका रात्रीत म्हातारा झालेल्या नवऱ्याचं तिनं काय करायचं हा प्रश्न तिच्या तोंडून विचारला. कार्नाड तेव्हा विशीत होते. हा प्रश्न साठीला आलेल्या खांडेकरांना पडायला काही हरकत नव्हती.

बचावाला कोणीच उभं राहिलं नाही म्हणून सरांना उभं केलं. ते म्हणाले, खांडेकरांना पुराण सांगायचंच नव्हतं, स्वातंत्र्यानंतर भोगाच्या मागे लागलेला आपला समाज त्यांना दिसत होता. ते ठीक आहे. पण समाज दिसणं आणि तो कादंबरीत उभा राहणं यात अंतर आहे. या पुस्तकाचा आक्षेप सगळ्यात लांब झाला, पान दोन्ही बाजूंनी भरलं.

२२ डिसेंबर
‘अल्केमिस्ट’ पाऊण तासात संपलं. स्वप्नातला खजिना शोधत दूर जायचं आणि तो आपल्याच घराजवळ असल्याचं तिथे कळायचं, ही गोष्ट अरबी ‘हजार आणि एक रात्री’मध्ये आहे, बगदादचा माणूस आणि कैरोचं स्वप्न. तिथे ती दोन-तीन पानांत होते. बाकी वाढवलेलं आहे. मुलगा म्हणाला, बारावीला नापास झालो तेव्हा याच पुस्तकानं मला उभं केलं. त्यावर कोणी काही बोललं नाही, आणि बोलूही नये. अनुवाद आहे, आपल्या यादीत नको, असं म्हणून बाजूला ठेवलं.

१२ जानेवारी २०२५
‘श्यामची आई’. चिठ्ठ्यांतला शब्द एकच, ‘रडकं’.

पुस्तक साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी १९५० मध्ये गेले, साठ वर्षांनी हक्क संपले आणि २०११ पासून ज्याला हवं तो ते छापू शकतो. आमच्याच कपाटात निरनिराळ्या प्रकाशकांच्या प्रती निघाल्या. त्यातल्या काही ‘मुलांसाठी संक्षिप्त’. मी ताईंना म्हटलं, दोन्ही प्रकार शेजारी ठेवून बघू.

मूळ पुस्तकात बेचाळीस रात्री आहेत. एका संक्षिप्त प्रतीत ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आईनं लुगडं पसरलं तो प्रसंग आहे, देवाची फुलं आहेत, आईचं आजारपण आहे, डोळे पुसायच्या सगळ्या जागा आहेत. ‘कर्ज म्हणजे जिवंतपणीचा नरक’ हे प्रकरण मात्र दीड पानावर आलंय. ‘अब्रूचे धिंडवडे’ तर नाहीच. म्हणजे खोताचं घराणं कर्जात बुडत जातं, वसुलीला आलेला माणूस दारात वाट्टेल ते बोलतो, गावात दवंडी पिटली जाते, हा सगळा कणाच काढून घेतला आणि अश्रू तेवढे ठेवले. मग मुलं रडकं म्हणणार नाहीत तर काय?

आणि ती आई काही नुसती रडत बसणारी नाही. पोहायला जायचं टाळून श्याम लपून बसतो तेव्हा ती त्याला शिंपटीनं झोडपून विहिरीवर पाठवते. आज कुठल्या पालकसभेत हे प्रकरण वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. आमच्या डोक्यात जी आई आहे तिच्यात अत्र्यांच्या १९५३ च्या सिनेमाचा वाटा बराच असावा. तो चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांतलं पहिलं सुवर्णपदक घेऊन आला आणि घरोघरी पोचला.

तरीही एक आक्षेप उरतो, आणि तो माझाच आहे. प्रत्येक रात्रीच्या शेवटी श्याम गोष्टीचा अर्थ समजावून सांगतो. गोष्ट एवढी भक्कम असताना कशाला? मला ती शेवटची परिच्छेदभर शिकवण गाळून वाचायची सवय लागली आहे. काका म्हणाले, ‘तुम्ही पण संक्षिप्तच वाचता की मग.’ याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पानावर दोन्ही लिहिलं.

२ फेब्रुवारी
‘कोसला’. बैठक दोन तास चालली, शेवटी रखवालदारानं दिवे घालवले.

सरांची ‘मृत्युंजय’वाली परीक्षा इथे उलटी लागली. कुठलंही पान उघडा, दोन ओळींत कळतं की पांडुरंग सांगवीकर बोलतोय. ते ‘वगैरे’, ते ‘उदाहरणार्थ’, मधेच सूर तोडणं. १९६३ साली हे छापून आलं तेव्हा खांडेकर-फडके वाचणाऱ्यांना कसं वाटलं असेल याची कल्पना करता येते. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते.

मुलाचा आक्षेप: पांडुरंग काहीच करत नाही. पुण्याला येतो, होस्टेल, मेस, गॅदरिंग, बापाचे पैसे उडवतो, परत गावी जातो. सर म्हणाले, तेच तर पुस्तक आहे. मुलगा म्हणाला, सर, माझ्या होस्टेलला असे चाळीस पांडुरंग आहेत, त्यांच्यावर कोणी कादंबरी लिहिलेली नाही. सर म्हणाले, लिहिलेली आहे, तुझ्या हातात आहे.

ग्रंथपालताई एरवी गप्प असतात. त्या म्हणाल्या, मी मधली शंभर पानं ढकलत वाचली, पण पांडुरंगाची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानं जाते ती पानं वाचून रात्री झोप लागली नाही. पण मनी आणि घरच्या बायका सोडल्या तर या पुस्तकात मी कुठे आहे? पुण्यासारख्या गावात सहा वर्षं राहिलेल्या मुलाला एक मुलगी नीट दिसू नये? सर यावर बराच वेळ बोलले: पांडुरंगाची कोंडी, त्या काळची कॉलेजं, न दिसणं हेच दाखवायचंय. ताईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘पान दाखवा.’

मला वाटतं, ‘कोसला’चं जेवढं कौतुक झालं त्याला ती पात्र आहे, आणि तरी ती आवडलीच पाहिजे अशी सक्ती तिच्याभोवती जमा झाली आहे. ती आवडली नाही असं सांगणारा माणूस मराठीत आजही थोडा ओशाळतो. खुद्द नेमाड्यांनी गाजलेल्या लेखकांची भीडभाड कधी ठेवली नाही, मराठी कथा या प्रकारालाच त्यांनी खालच्या पायरीवर बसवलं. तेव्हा त्यांच्या वाचकांनी एवढं सोवळं पाळायचं कारण नाही. पानाचे दोन रकाने केले, डावीकडे सर, उजवीकडे ताई. मी मध्ये काही लिहिलं नाही.

१६ फेब्रुवारी
परवा ‘छावा’ सिनेमा लागला आणि कालपासून सावंतांच्या त्याच नावाच्या कादंबरीला नंबर लावावे लागतायत. अनामत भरून नवे सभासद होतायत, नुसत्या या एका पुस्तकासाठी. ‘छावा’ मिळाली नाही की ‘मृत्युंजय’ नेतात, म्हणजे आमची पानं लोकांच्या हातात ठरल्या दिवसाच्या आधीच पोचायला लागली.

अध्यक्षांचा फोन: आत्ता सावंतांवर टीका नको, वातावरण बघा. मी म्हटलं, टीका उपमांवर आहे. ते म्हणाले, लोकांना उपमा दिसत नाहीत. यात तथ्य आहे. तोडगा म्हणून मी कपाटातलं वा. सी. बेंद्रे यांचं संभाजी महाराजांचं चरित्र काढून ‘छावा’च्या रिकाम्या जागेवर उभं ठेवलं. पन्नास-साठ वर्षं नाटकांतून संभाजीराजे बदफैली म्हणून रंगवले गेले, ते चित्र कागदपत्रांच्या आधारे पुसलं ते बेंद्र्यांच्या १९६० च्या या ग्रंथानं. ‘छावा’ १९७९ ची. म्हणजे कादंबरीला मोकळी झालेली वाट मिळाली. नवीन सभासदांपैकी दोघांनी बेंद्रे हातात घेतलं, वजन पाहिलं, परत ठेवलं. एक बाई घेऊन गेल्या.

२७ फेब्रुवारी
कार्यक्रम झाला. दिल्लीच्या साहित्य संमेलनातून रविवारी परतलेले पाहुणे संमेलनाध्यक्ष तारा भवाळकरांच्या भाषणावर बोलले, बरं बोलले. चारही पुस्तकं टेबलावर, आत पानं. लोकांनी पुस्तकांपेक्षा पानं आधी वाचली. एका शिक्षिकेनं ‘ययाति’चं पान वाचून विचारलं, हे वर्गात वाचलं तर चालेल का? आजी म्हणाल्या, चालेल, पण मुलींना आधी द्या.

‘मृत्युंजय’च्या पानामुळे एक गृहस्थ रागावले. मी त्यांना नियम सांगितला. ते कोपऱ्यात बसले, बराच वेळ पुस्तक चाळलं आणि त्यांनी कुंतीच्या भागातली एक जागा आणून दाखवली, नदीत पेटी सोडण्याची. मोठ्यानं वाचली. उपमा होत्याच, पण खोलीत कोणी हललं नाही. ती जागा आता आमच्या पानावर ‘बचाव’ या मथळ्याखाली चढवायची.

९ मार्च
परत आलेल्या प्रती तपासल्या. ‘कोसला’च्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं तिसरा रकाना आखलाय आणि त्यात फक्त ‘मला आवडली. का ते शोधतोय.’ ‘ययाति’च्या नव्या प्रतीतही सुविचारांना रेघा आल्यात, आमचं पान आत असून. ‘मृत्युंजय’ची बहुतेक पानं परतच आली नाहीत, लोकांनी ठेवून घेतली किंवा फेकून दिली.

पुढची यादी: ‘व्यक्ती आणि वल्ली’ घ्यायचं ठरलं. काकांची अट एकच, बचाव ते लिहिणार आणि त्याला शब्दमर्यादा नसणार. आक्षेप ताई लिहितील. ‘मृत्युंजय’च्या पानाच्या झेरॉक्स पुन्हा टाकल्या. या खेपेला घडी घालून ठेवायचं नाही, मागच्या पुठ्ठ्याला आतून डिंकानं चिकटवायचं.